हेर बदलला की हेराचा साहेब?

तिरपा डोळा

‘डॉक्टर नो’ (१९६२) मधला सुरुवातीचा एक प्रसंग आठवा. जेम्स बाँड साहेबाच्या, म्हणजे ‘एम’च्या खोलीत उभा आहे. साहेब म्हणतो, तुझं पिस्तूल काढ. ते बरेटा मागच्या कामगिरीत ऐन वेळी अडकलेलं असतं आणि त्यापायी बाँडने सहा महिने इस्पितळात काढलेले असतात. शस्त्रांचा जाणकार आत येतो, बायकांच्या पर्समध्ये शोभेल म्हणून नाक मुरडतो आणि नवं वॉल्थर पीपीके पुढे करतो. बाँड मुकाट घेतो, जुनं पिस्तूल नव्याच्या आडून हळूच उचलतो आणि दाराकडे वळतो. मागून साहेबाचा आवाज: बरेटा ठेवून जा. चिंचा लपवून नेणाऱ्या पोराला मास्तरांनी दारातच धरावं, तसा सगळा मामला.

हा प्रसंग किती वेळा पाहिला असेल देव जाणे. परवा पहिल्यांदा जाणवलं की त्या खोलीत बाँड निर्धास्त आहे. बाहेर जगभर लोक त्याच्या जिवावर टपलेत, इथे मात्र फार तर बोलणी बसतील. साहेब खडूस आहे, पण आपला आहे. बर्नार्ड लीने हा साहेब १९७९ पर्यंत अकरा चित्रपटांत केला, आणि त्याच्यावर संशय घ्यावा असं प्रेक्षकांना कधी वाटलं नाही.

हेरपटांवर गप्पा निघाल्या की गाडी हमखास गाड्यांवर, बंदुकांवर आणि कपड्यांवर जाते. माझं म्हणणं एवढंच, की खरा बदल बघायचा तर हेराला सोडा, साहेबाची खोली बघा. त्या खोलीत शिरताना हेर किती निर्धास्त आहे, यावरून चित्रपट कुठल्या काळातला ते ओळखता येतं.

१९६५ साली दोन चित्रपट आले. एक ‘द इप्क्रेस फाइल’. निर्माता हॅरी साल्ट्झमन, संगीत जॉन बॅरी, नेपथ्य केन अॅडम, म्हणजे बाँडच्याच घरातली माणसं. पण हेर कोण? मायकेल केनचा हॅरी पामर. जाड काड्यांचा चष्मा, सकाळी उठून स्वतः कॉफी दळणारा, पगारवाढीची चौकशी करणारा. सुपरमार्केटात हा आणि त्याचा जुना साहेब सामानाच्या ढकलगाड्या घेऊन एकमेकांना डिवचत बोलतात, तो प्रसंग जरूर बघा. (एका हाताने अंडी फोडतानाचा जो जवळून घेतलेला हात आहे, तो केनचा नाही, मूळ कादंबरीकार लेन डेटनचा आहे.) आणि शेवट तर माझ्या मुद्द्यासाठीच लिहिल्यासारखा. पामरसमोर त्याचे दोन्ही साहेब उभे, दोघांतला एक फितूर, आणि हातात बंदूक पामरच्या. साहेब ओळखायचा आहे! ओळखून झाल्यावर तो उरलेल्या साहेबाला म्हणतो, माझा जीव गेला असता. त्यावर साहेबाचं उत्तर साधारण असं, की त्याचाच तर तुला पगार मिळतो.

दुसरा ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’. रिचर्ड बर्टनचा ब्रिटिश हेर लीमस पूर्व जर्मनीतल्या एका अधिकाऱ्याला संपवायला म्हणून जातो. हा अधिकारी आपल्याच लंडनच्या कचेरीचा माणूस आहे आणि आपल्याला पाठवलंय ते त्याला वाचवायला, हे त्याला फार उशिरा कळतं. इथे साहेब फितूर नाही बरं का. साहेब आपलं काम चोख करतोय. म्हणून तर जास्त भीती वाटते.

दहा वर्षांनी, वॉटरगेटनंतरच्या अमेरिकेत, ‘थ्री डेज ऑफ द काँडोर’ (१९७५) आला. रॉबर्ट रेडफर्डचा नायक गुप्तहेर खात्यात बसून कादंबऱ्या वाचतो, हेच त्याचं काम. जेवण आणायला मागच्या दाराने बाहेर पडतो, परत येतो तर कचेरीतले सगळे मरून पडलेत. तो वरिष्ठांना फोन करतो आणि बोलता बोलता त्याच्या लक्षात येतं, की आपण फोन चुकीच्या माणसांना लावलाय. त्याच वर्षी सिनेटर फ्रँक चर्च यांची अमेरिकी सिनेट समिती सीआयएच्या उचापती चव्हाट्यावर आणत होती.

तेरा वर्षांत साहेब वडीलधाऱ्याचा मालक झाला आणि मालकाचा मारेकरी. पुढे काय झालं, ते तुम्ही सांगा. पुढे कथानकं फुटणार आहेत, ज्यांना चालत नाही त्यांनी इथूनच मागे फिरा.

उगाच एक

पहिला!

‘मिशन: इम्पॉसिबल’ मालिकेत (१९६६ ते ७३) साहेबच दिसत नाही. एक टेप वाजते, काम सांगते, पकडले गेलात तर आम्ही तुम्हाला ओळखत नाही असं बजावते आणि पाच सेकंदांत जळून जाते. सुटसुटीत. ना मीटिंग, ना फॉलोअप.

काटेकोर

लेख आवडला. दोन नोंदी.

पडद्यावरचा पहिला बाँड १९६२ चा नव्हे. १९५४ साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘कसिनो रोयाल’चं तासाभराचं नाट्य झालं होतं. बॅरी नेल्सन नावाच्या नटाने केलेला तो बाँड चक्क अमेरिकन होता आणि त्याला ‘जिमी’ म्हणत.

दुसरं, आकडा लावलेला हेर ही काही बाँडवाल्यांची निर्मिती नाही. फ्रिट्झ लांगच्या ‘स्पिओने’ (१९२८) या मूकपटात नायक आहे एजंट क्रमांक ३२६. पण त्यात लक्षात राहतो तो हेरांच्या टोळीचा म्होरक्या हागी. दिवसा बँकेचा मालक, रात्री रंगमंचावरचा विदूषक. शेवटी वेढला गेल्यावर तो रंगमंचावरच स्वतःला गोळी घालून घेतो आणि प्रेक्षकांना वाटतं हा खेळाचाच भाग, ते टाळ्या वाजवतात. तेव्हा ‘साहेब’ हा विषय १९२८ पासूनचा आहे. फक्त तेव्हा वाईट साहेब पलीकडच्या गोटात असायचा.

निळी छत्री

तिरपा डोळा, मुद्दा छान आहे, पण अर्धाच आहे. तुमच्या यादीत एक तरी बाई आहे का? बायका घातल्या की तुमची कालरेषा कोलमडते.

१९३१ चा ‘डिसऑनर्ड’ घ्या. मार्लेन डीट्रिश ऑस्ट्रियाची हेर, एक्स-२७. खातं तिला नेमतं, वापरतं, आणि तिने एका रशियन हेराला पळून जाऊ दिलं म्हणून तेच खातं तिला गोळ्या घालतं. बंदूकधाऱ्यांपुढे उभी असताना हुकूम देणाऱ्या तरुण अधिकाऱ्याचा धीर सुटतो, तो हुकूम द्यायला नकार देतो. तो गोंधळ निस्तरेपर्यंत ही शांतपणे ओठांना लिपस्टिक लावून घेते. मग दुसरा अधिकारी येतो आणि काम उरकतं.

१९४६ चा हिचकॉकचा ‘नोटोरियस’. इन्ग्रिड बर्गमनच्या अॅलिशियाला अमेरिकी हेरखात्याने रिओमधल्या नाझींच्या घोळक्यात पेरलंय. ती एके दिवशी कचेरीत येऊन सांगते, त्या घोळक्यातल्या सेबॅस्टियनने मला लग्नाची मागणी घातली आहे, काय करू? तिचं ज्याच्यावर प्रेम आहे तो डेव्हलिन (कॅरी ग्रांट) तिथेच उभा आहे. ‘नको’ एवढा एक शब्द त्याने म्हणावा म्हणून ती त्याच्याकडे बघते. तो म्हणत नाही. साहेबांना कल्पना पसंत पडते. झालं लग्न. पुढे तिला घरातच थोडं थोडं विष दिलं जात असतं. ती आजारी दिसते, मला काळजी वाटते, हे सांगायला डेव्हलिन साहेबाच्या खोलीवर जातो, तर साहेब बिछान्यात रेलून चीज लावलेले क्रॅकर खात बसलेत. कुरुम कुरुम. त्या एका कुरकुरीत हिचकॉकने सगळी कचेरी दाखवली आहे.

आणि २०१८ चा ‘राझी’. सेहमतला शिकवून तयार करणारा खालिद मीर शेवटी तिला ‘सोडवायला’ येतो तेव्हा योजना काय असते? ती शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा मेलेली बरी. बाँब तिच्यासाठीच असतो, मरते दुसरीच. हे कळल्यावर ती मीरला जे सुनावते, त्यात एक्स-२७ चा आणि अॅलिशियाचाही हिशेब आहे असं मला तरी वाटतं.

पुरुष हेरांना १९६५ साली जो साक्षात्कार झाला, तो बायकांना १९३१ पासून होता.

तिरपा डोळा

निळी छत्रीताई, दंडवत. ‘नोटोरियस’ कॉलेजात असताना पाहिला होता, क्रॅकर अजिबात आठवत नाहीत. मला फक्त दारूच्या बाटलीत युरेनियम होतं एवढंच आठवतंय. पुन्हा बघतो.

पण एक शंका. साहेबच बाई झाल्यावर? ‘गोल्डनआय’ (१९९५) मध्ये जूडी डेंच ‘एम’ झाली. त्याआधी तीनच वर्षं स्टेला रिमिंग्टन खऱ्या एमआय-फाइव्हच्या, म्हणजे ब्रिटनच्या देशांतर्गत गुप्तचर खात्याच्या, पहिल्या महिला प्रमुख झाल्या होत्या. नवी साहेब पहिल्याच भेटीत बाँडला शीतयुद्धातून उरलेला डायनॉसोर म्हणते. पिस्तुलावरून बोलणी खाणारा तो बाँड कुठे आणि हा कुठे.

निळी छत्री

झाली की ती साहेब! पण खुर्चीचं काम तेच राहिलं. ‘स्कायफॉल’ (२०१२) मधला सिल्वा कोण आहे? तिचाच जुना हेर. हाँगकाँगमध्ये तिने त्याला चिन्यांच्या हवाली केलं आणि बदल्यात सहा माणसं परत मिळवली. हिशेब बरोबर होता, असं ती शेवटपर्यंत मानते. खलनायकाला जग जिंकायचं नाही, त्याला फक्त साहेबाला जाब विचारायचा आहे.

शेवटची रांग

मी जरा वेगळ्या बाजूने येतो. मला तुमचे सगळे पळणारे, उड्या मारणारे हेर एका पारड्यात आणि अॅलेक गिनेसचा जॉर्ज स्मायली दुसऱ्यात टाकले तरी चालतील.

स्मायली हा ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’चा नायक, त्याची बीबीसी मालिका (१९७९, सात भाग). सुरुवात बघा. रिकामी मीटिंगची खोली. एक माणूस येऊन बसतो. दुसरा येतो. तिसरा. कुणी बोलत नाही. चौथा येतो, हातात चहाचा कप आणि कपावर झाकण म्हणून उलटी ठेवलेली बशी. एवढंच. पण चारही माणसांचा स्वभाव त्या येण्याबसण्यात सांगून झालेला असतो, आणि पुढचे सात भाग प्रश्न एकच: यांतला फितूर कोण? म्हणजे इप्क्रेसमधला शेवटचा प्रसंग सात भाग ताणलाय. आणि ताणलाय तरी कुठे विरत नाही.

हे का घडलं, त्याला खरं कारण आहे. १९५१ मध्ये सोव्हिएत संघाला फितूर झालेले ब्रिटिश अधिकारी बर्जेस आणि मॅक्लीन रशियाला पळाले, १९६३ मध्ये किम फिल्बी. फिल्बी तर ब्रिटिश हेरखात्यात सोव्हिएतविरोधी विभागाचा प्रमुख राहिलेला! कुंपणच शेत खात होतं. मूळ कादंबरीकार जॉन ल कारे स्वतः तिथे नोकरी केलेला, त्याला ही कचेरी आतून ठाऊक. मालिकेआधी त्याने गिनेसची गाठ मॉरिस ओल्डफील्ड या निवृत्त हेरप्रमुखाशी जेवणावर घालून दिली होती, आणि गिनेस त्याला न्याहाळत बसला होता.

मराठीत आपण ‘हेर’ म्हणतो आणि ‘हेरणे’ही म्हणतो. अचूक टिपणे, नजरेने निवडून काढणे. आता सांगा, बाँडने उभ्या आयुष्यात काय हेरलं? तो गावात शिरला की अर्ध्या तासात सगळ्यांना कळतं बाँड आलाय. स्वतःचं खरं नाव सांगत फिरणारा हा जगातला एकमेव हेर. स्मायली हेरतो. चष्मा पुसतो आणि हेरतो.

उगाच एक

खरं नाव सांगत फिरण्यावरून मोठ्याने हसलो.

साहेबांचा विषय निघालाय तर ‘गेट स्मार्ट’ ही विनोदी हेरमालिका (१९६५ ते ७०) कशी विसरली सगळ्यांनी? बुटातला फोन सगळ्यांना आठवतो. मला ‘कोन ऑफ सायलेन्स’ आवडतो. गुप्त बोलायचं म्हणून साहेब आणि स्मार्ट यांच्या डोक्यावर एक पारदर्शक घुमट खाली येतो. त्याचा परिणाम असा, की त्या दोघांनाच एकमेकांचं ऐकू येत नाही. साहेब दर वेळी म्हणतो नको रे बाबा, आणि स्मार्ट नियमावर बोट ठेवून हट्टाने तो लावायला लावतो. आमच्या विभागाच्या बैठका अगदी अशाच होतात.

आणि माझ्या टेपचं काय झालं माहितीये? १९९६ च्या चित्रपटात. मालिकेत वर्षानुवर्षं ज्याने ती टेप ऐकली, तो सज्जन जिम फेल्प्सच फितूर निघाला. जुन्या मालिकेतल्या नटांना ते मुळीच आवडलं नव्हतं. मलाही नाही.

काटेकोर

शेवटची रांग, सहमत. पण हेरण्यात स्मायलीला तोडीस तोड उभा राहील असा एक हेर सोव्हिएत मालिकेत आहे. ‘वसंताचे सतरा क्षण’ (१९७३, बारा भाग, दिग्दर्शिका तात्याना लिओझ्नोवा). स्टिर्लिट्झ १९४५ च्या बर्लिनमध्ये नाझी अधिकारी बनून राहतोय. त्याचा रोजचा साहेब शेलेनबर्ग म्हणजे शत्रूच, आणि त्याच्यावर संशय घेऊन मागे लागलेला गेस्टापोचा, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचा, म्युलर तर इतका मिश्कील रंगवलाय की बघणाऱ्याला नकळत आवडायला लागतो.

त्यातला एक प्रसंग सांगतो. मॉस्कोहून स्टिर्लिट्झच्या बायकोला आणतात आणि एका कॅफेत दुसऱ्या टेबलाशी बसवतात. बोलायचं नाही, ओळख दाखवायची नाही. नुसतं बघायचं. कितीतरी मिनिटं पियानो वाजतो, दोघं बघतात, मग तिला उठवून नेतात. ही बक्षिसी म्हणावी की शिक्षा, हे ज्याने त्याने ठरवावं. या मालिकेवरून रशियन लोकांनी स्टिर्लिट्झचे असंख्य विनोद तयार केले, पण या प्रसंगाची थट्टा करायची हिंमत होत नाही.

रविवार दुपार

सगळे जुन्यातच रमलात. ‘राझी’ आणि ‘स्कायफॉल’ सोडले तर २००१ नंतरचं कुणी बोलेना.

दोन वाटा फुटल्या असं माझं मत. एक जेसन बोर्नची (२००२). त्याची स्मृती गेलीये, आणि त्याला मारायला धावतायत ते त्याचं स्वतःचं खातं. तिरपा डोळांचा काँडोर, फक्त यालाही मारता येतं. पेनने मारतो, पुढच्या भागात गुंडाळलेल्या मासिकाने. बाँडच्या सुटकेसमधल्या करामती इथे संपल्या. ‘कसिनो रोयाल’ (२००६) मधल्या डॅनिअल क्रेगच्या घामेजल्या मारामाऱ्या मला बोर्नच्याच उधारीवरच्या वाटतात.

दुसरी वाट ‘ट्वेंटी फोर’ या अमेरिकी मालिकेची. नोव्हेंबर २००१ मध्ये सुरू झाली. तिचा नायक जॅक बावरला वेळ नाही, घड्याळ टिकटिकतंय, म्हणून तो समोरच्याचे हाल करतो, आणि समोरचा दर वेळी खरं बोलतो. ही गंमत वाटत असेल तर ऐका: २००६ साली वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचे अधिष्ठाता, ब्रिगेडिअर जनरल फिनेगन, मालिकावाल्यांना जाऊन भेटले. तुमचं बघून आमच्या कॅडेटांना छळ करणं योग्य वाटायला लागलंय, जरा आवरा, असं सांगायला. पडद्यावरच्या हेराने खऱ्या सैन्याला शिकवायला सुरुवात केली होती. यात साहेब कुठे बसतो? साहेब फोनवर ‘नको’ म्हणतो आणि आपण प्रेक्षक साहेबावर चिडतो. हे मला काँडोरपेक्षा भयंकर वाटतं.

तिरपा डोळा

हा मुद्दा मला सुचला नव्हता. साहेब वाईट झाला म्हणून हेराला मोकळं रान मिळालं, असंही म्हणता येईल की. नियम सांगणारा तो बावळट, नियम मोडणारा तो देशभक्त.

उगाच एक

‘द फॅमिली मॅन’च्या दुसऱ्या पर्वात (२०२१) श्रीकांत तिवारी खातं सोडून आयटी कंपनीत लागतो. तिथला कोवळा साहेब त्याला ‘मिनिमम गाय’ होऊ नकोस म्हणून पिडतो. अतिरेक्यांना पुरून उरलेला माणूस या साहेबापुढे मान खाली घालून बसतो, आणि एके दिवशी त्याला धरून बदडतो. शपथेवर सांगतो, त्या पर्वातल्या कुठल्याही गोळीबारापेक्षा हा प्रसंग मी जास्त वेळा पाहिलाय.

शेवटची रांग

‘द लाइव्ह्ज ऑफ अदर्स’ (२००६) राहिला. पूर्व जर्मनीचं स्टासी हे गुप्त पोलीस खातं. कँटीनमध्ये एक कनिष्ठ कर्मचारी साहेब जवळ आहेत हे न बघता राष्ट्रप्रमुखांवरचा विनोद सांगतो. साहेब आधी कठोरपणे नाव विचारतात, पोरगा पांढरा पडतो, मग साहेब हसत सुटतात, गंमत केली रे. सगळे हसतात. काही वर्षांनी तळघरात वाफेवर लोकांची पत्रं उघडणारी माणसं दिसतात, आणि त्या रांगेत तोच पोरगा बसलेला असतो. एक शब्दही न बोलता कळतं की गंमत नव्हती.

त्याच रांगेत नायक वीस्लरही आहे. तो एका नाटककाराच्या घरावर पाळत ठेवत होता आणि ऐकता ऐकता त्याला सामील झाला. ती भूमिका करणारा उलरिश म्यूए स्वतः पूर्व जर्मनीतला, त्याच्यावरही पाळत होती. शेवटचा सगळा भाग त्याच्या चेहऱ्यासाठी बघावा.

रविवार दुपार

आणि आता ‘स्लो हॉर्सेस’ (२०२२ पासून). चुका केलेल्या हेरांना एका कळकट इमारतीत फायली चाळायला बसवलंय आणि त्यांचा साहेब जॅक्सन लॅम्ब, फाटक्या मोज्यांचे पाय टेबलावर टाकून पडलेला, तोंडाने शिवराळ, अंगाने गलिच्छ. करतो कोण? गॅरी ओल्डमन, ज्याने ‘टिंकर टेलर’च्या २०११ च्या चित्रपटात स्मायली केला होता! पण गंमत बघा, ‘डॉक्टर नो’नंतर इतक्या वर्षांनी हा असा साहेब भेटतो की जो आपल्या पोरांना मरू देत नाही. रोज त्यांना नालायक म्हणतो, आणि वरच्या साहेबांनी त्यांचा बळी द्यायचं ठरवलं की मोजे सावरत उठतो.

तिरपा डोळा

म्हणजे बर्नार्ड ली आंघोळ सोडून परत आला तर.

काल रात्री ‘नोटोरियस’ लावला. निळी छत्रीताई, क्रॅकर सापडले. पण मला त्याहून मोठं घबाड शेवटी सापडलं. डेव्हलिन अॅलिशियाला उचलून जिना उतरतो, गाडीत घालतो. आपलं सगळं लक्ष ती वाचते का याकडे. सेबॅस्टियन गाडीच्या दाराशी विनवतो, मला पण घ्या. हे दार लावून घेतात. मागे दारात त्याचे नाझी सोबती उभे आहेत. बायको हेर निघाली हे आता त्यांच्याही लक्षात आलंय. त्यातला एक अगदी सभ्यपणे म्हणतो, अॅलेक्स, जरा आत ये, तुझ्याशी बोलायचंय.

तो वळतो. पायऱ्या चढतो, घाई नाही, कारण आत काय आहे ते त्याला ठाऊक आहे. कॅमेरा त्याच्या पाठीवर. दार लागतं.

निळी छत्री

आणि त्यांनी आवाजसुद्धा चढवलेला नाही.